यीस्टचं नाव

प्रिय ठके,

आधीच सांगते, रागात लिहितेय, म्हणून अक्षर असं वेडंवाकडं. अर्धा राग तुझ्यावर आहे. उरलेला कुणावर, ते पुढे कळेलच.

तू माझ्याकडे राहायला आलीस तेव्हा खुर्चीच्या कडेला टेकून बसायचीस. विचारलं तर म्हणालीस, "काही नाही गं ताई, खाली खाज येते, जाईल." वर्षभर गेली नव्हती! डॉक्टर टेबलापलीकडूनच ऐकायचे आणि न तपासता तीच गोळी लिहून द्यायचे. चार दिवस बरं, की पुन्हा आग. सासूबाई म्हणाल्या, स्वच्छता पाळायला नको का. मग तू जंतुनाशकाच्या पाण्याने धुऊन धुऊन कातडी सोलवटून घेतलीस. नवऱ्याने तुझं अंथरूण उचलून बाहेरच्या खोलीत टाकलं. हे सगळं तू हसत हसत सांगितलंस. ते हसू बघून मला कुणाला तरी बदडावंसं वाटलं होतं.

आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडमनी तुला तपासलं, स्राव घेतला, मी तो जंतू वाढवायच्या रंगीत माध्यमाच्या प्लेटवर लावला. नेहमीचं यीस्ट, म्हणजे खाज आणणारी बुरशी, असतं तर ठिपके हिरवे उगवले असते, आणि त्याच्यावर सहसा तुझी गोळी चालते. तुझ्या प्लेटवर उगवले जांभळट गुलाबी. पुढच्या चाचण्यांतही तेच नाव आलं, कॅन्डिडा ग्लाब्राटा. नेहमीच्या यीस्टची चुलत बहीण, पण महाहट्टी. त्या गोळीला सहजी जुमानत नाही. म्हणजे वर्षभर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! मॅडमनी औषध बदललं, आणि थोड्याच दिवसांत तू ऐसपैस मांडी घालून जेवायला बसलीस, माझ्या ताटातलं उचलून खाल्लंस. मला वाटलं, सुटली पोरगी.

आणि मग तू सासरी परतलीस, नि तुझा निरोप आला. "ताई, लॅबच्या कागदावर एवढं लिहून दे, की हे मला बाहेरून लागलेलं नाही. ह्यांना खात्री हवीय." मी तडक तुझ्या नवऱ्याला फोन लावला. सांगितलं, हे यीस्ट कित्येक धडधाकट बायकांच्या अंगात गुपचूप नांदतं, कधीतरी माजतं. त्यावरून कुणाच्या वागणुकीचा पत्ता लागत नाही. ते शांतपणे म्हणाले, "मग लिहून द्यायला काय हरकत आहे?" हरकत आहे, ठके. माझं काम यीस्ट ओळखायचं, बहिणीच्या चारित्र्यावर शिक्का मारायचं नाही. आज हा कागद दिला तर उद्या दुसरा मागतील, आणि तोही मागायला तुलाच पाठवतील. दाखला मिळणार नाही, एवढंच कळवायला हे पत्र. औषध मधेच सोडू नकोस. तिथे राहायचं की नाही ते तू ठरव. माझी आतली खोली आवरून ठेवलीय. मी कामावर असले तर किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
ताई