भरपाईच्या कागदावरचं एक वाक्य

बुधवार, संध्याकाळ. कामोठे.

दाव्याची तडजोड झाली आज. वकीलबाईंच्या बेलापूरच्या ऑफिसात अर्धा तासही लागला नाही. लस घेतल्यावर काही दिवसांतच माझ्या बायकोचा, सुनंदाचा, उजवा हात लुळा पडला, त्याला आता चार वर्षं होतील. लशीमुळेच पडला का, यावर डॉक्टरांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

लस बनवणारी कंपनी भरपाई देणार, पण करारात एक वाक्य आहे. 'यात कोणाचाही दोष मान्य केलेला नाही.' मी ते तीनदा वाचलं. वकीलबाई म्हणाल्या, "असं लिहावंच लागतं, साहेब. नाहीतर केस अशीच चालत राहील."

सुनंदाला त्यांनी अंगठा चालेल म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "अंगठा कशाला? मला लिवता येतं." डाव्या हाताने पूर्ण नाव लिहिलं. आम्ही थांबून राहिलो.

मला राग यायला हवा होता का? आला नाही. कोणाचाही दोष नाही, म्हणजे माझाही नाही? तिला लस घ्यायचीच नव्हती. दिवाळे गावात माहेरी जाऊन बसली होती. मीच समजूत घालून केंद्रावर नेलं. दाव्यात हे कुठेच नाही. तिनेही कधी विषय काढला नाही.

परतताना रिक्षात विचारलंच शेवटी. "माझ्यावर राग आहे का गं तुझा?"

"व्हता. पयलं वरीसभर."

"मग?"

"मग तुमी माझी वेनी घालायला लागलात," ती बाहेर बघत म्हणाली. "वाकडी घालता, पन घालता."