हात गुंतवायची वाकळ

आई, तुला अक्षरओळख नव्हती आणि माझी शाळा चौथीत सुटली. म्हणजे लिहिणारा अर्धा आणि वाचणारी कुणीच नाही. तरी लिहितो, कारण तुझ्याशी बोलायला गेलो की शेजारच्या खाटेवरची माणसं बघायला लागतात. तुझी सून मिरजेच्या दवाखान्यात आहे. तुझ्याच भावाची मुलगी, तूच मागून आणलेली, लग्नानंतरही तुला आत्याच म्हणत राहिलेली. तिच्या डोक्यात रक्त साकळलं. जीव वाचला, पण माणसं पुसली गेली. मला ओळखत नाही. लेक तासगावाहून डबा घेऊन येते, तिलाही ‘कुणाची गं तू’ म्हणते. घास गिळता येत नाही म्हणून नाकातून नळी घातली आहे, त्यातून पातळ पेज सोडतात. ती नळी ती उपसून काढते. पुन्हा घातली की पुन्हा काढते. शेवटी सिस्टरनं तिचे दोन्ही हात पट्टीनं खाटेच्या दांड्यांना बांधले. मनगटं सोलली आहेत. डॉक्टर म्हणाले, सारखी नळी घालताना पेज फुप्फुसात गेली तर हाताबाहेर जाईल. नळी राहणार असेल तरच हात सोडू.

मी भित्रा, हे तुला कुणी सांगायला नको. सलाईनचा थेंब पडायला जरा उशीर झाला की मी सिस्टरला हाक मारतो. ती म्हणते, बाबा, तुम्ही बसा, नायतर तुमच्यासाठी आणखी एक खाट बघाय लागंल. मी बसतो. बसलो की तिच्या हातांकडं बघतो. बांधलेले असले तरी ते हात गप्प नसतात. अंगठा आणि बोट एकमेकाला चिकटतात, पुढं सरकतात, वर उचलतात, पुन्हा खाली. दिवसभर. आम्हाला सगळ्यांना ती तळमळ वाटत होती. मग एका दुपारी तिनं बोटं तोंडाजवळ न्यायला मान वाकवली, जसा दोरा ओवायच्या आधी ओला करतात तशी. ती शिवत होती. नाकातली नळी तिला नळी वाटतच नव्हती, दोरा वाटत होता. टाका घातला की दोरा ओढायचा, म्हणून ती ओढत होती.

उन्हाळ्यात तू अंगणात वाकळ पसरायचीस ते मला दिसायला लागलं. आत बापाची फाटकी धोतरं, वर तुझं लुगडं, चारी कोपऱ्यांवर दगड. ती नवी नवरी, एका कडेला बसलेली. तू तिच्या बाजूनं हात फिरवतेस आणि म्हणतेस, “पोरी, टाकं हायती का बेडकं? कशा उड्या मारत चालल्यात.” आणि सगळी ओळ उसवतेस. मला वाटतं आता ती रडणार. ती पदर तोंडाला लावून हसत सुटते, मग तूही हसतेस. तेव्हापासून गावातल्या निम्म्या वाकळी तुमच्या दोघींच्या हातच्या.

तेव्हा मनात आलं की हिला ओढायला दुसरं काहीतरी द्यावं. मांडीवर मावेल एवढी वाकळ करायची, पिशवीसारखी, दोन्हीकडून हात आत जातील अशी. आत गुंड्या, काजं, खिसे, ओढायला नाड्या. पण कापड कुठलं आणायचं? घरच्या जुन्या साड्या सगळ्या नायलॉनच्या, बोटातनं निसटतात, आणि सुती काय उरलं होतं ते भांडेवालीला देऊन कधीच पातेली आली. म्हणून मी बाजारात गेलो, जिथं जुन्या कपड्यांचे ढीग टाकून बायका बसतात. आजकाल तिथं कॉलेजच्या पोरीही असतात, जुन्या साड्यांच्या पर्स नि बटवे करतात म्हणे. त्यांच्यात मी एकटा म्हातारा, लुगडी उपसत बसलेला. ढिगावरची बाई म्हणाली, “आजोबा, ह्या वयात कुणाला साडी घ्याय निघालायसा?” पोरी हसल्या. मी खरं सांगून टाकलं. तशी ती बाई स्वतःच ढीग उलथा करायला लागली. काठाचं एक सुती लुगडं निघालं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. फौजेतल्या कुणाचा तरी जाड शर्ट निघाला, झाकणाचे खिसे आणि दणकट गुंड्यांचा. एक लहान मुलीचा झालरीचा फ्रॉक. मला एकदम भीती वाटली. विचारलं, ही मेलेल्या माणसांची तर नाहीत ना? आजारी माणसाच्या अंगावर घालायची आहेत. ती म्हणाली, “आता मी कापडाला इचारत बसू व्हय, तुझा मालक हाय का गेला? गरम पाण्यातनं काढा आजोबा, आन् घाला बिनघोर.” बिनघोर कसला. मी ती दोनदा उकळून काढली.

व्हरांड्यात बसून शिवलं. डोळ्याला सुईचं नाक दिसत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याकडून दोरा ओवून घेतला. लेक म्हणाली, दादा, टेलरकडं टाकू या, संध्याकाळपर्यंत देईल. मी नको म्हणालो. मशिनची शिवण तिच्या बोटांना कळली नसती. माझे टाके बघितले असतेस तर तू बेडूकसुद्धा म्हणाली नसतीस, आणखी काहीतरी म्हणाली असतीस.

सिस्टरनं नाईलाजानं एक हात सोडला. मी वाकळ तिच्या पोटावर ठेवली. तिनं गुंडी चाचपली, खिसा चाचपला, माझा जीव भांड्यात पडतोय तोवर तिनं चारी कोपरे एकामागून एक चिमटीत धरले आणि वाकळ खाली फेकून दिली. हात सरळ नाकाकडं. मी उचलून दिली, तिनं फेकली. पुन्हा दिली, पुन्हा तेच, आधी कोपरे, मग फरशी. सिस्टर म्हणाली, राहू दे बाबा. आणि पट्टी बांधली. मी जिन्यात जाऊन बसलो. एवढं वय झालं तरी मला दुसरं काही सुचत नाही, तू असतीस तर काय केलं असतंस एवढंच सुचतं. आणि तू काय केलं असतंस ते तिथं बसल्यावर कळलं. तू शेवटची कड बंद करायच्या आधी कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालायचीस. घास. वाकळ उपाशी ठेवली तर पांघरणाऱ्याचं पोट भरत नाही म्हणायचीस. ती कोपऱ्यात घास शोधत होती, आई. मी उपाशी वाकळ तिच्या अंगावर टाकली होती.

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची माणसं जतकडची, त्यांच्या डब्यात बाजरीची भाकरी होती. चतकोरातला चतकोर मागून घेतला. सिस्टर म्हणाली मुंग्या लागतील, म्हणून दुधाच्या पिशवीच्या तुकड्यात गुंडाळला. तुला ते पटलं नसतं. तिच्यासमोर बसून कोपरा उसवला, घास घातला, टाके घालायला लागलो. तिची नजर माझ्या सुईवर. मी मान खाली घालून शिवत होतो, आणि तिचा आवाज आला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ, घरातल्यासारखा.

“आत्या, मगाशी उपाशीच दिलीसा व्हय?”

मी वर बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती. माझं नाक तुझं आहे, सगळे म्हणतात. व्हरांड्यात शिवताना डोक्याला ऊन लागू नये म्हणून लेकीची ओढणी गुंडाळली होती, ती तशीच होती, त्यामुळंही असेल. मी म्हणालो, “व्हय गं, इसरले.” इसरले म्हणालो, आई. बाईसारखं.

तेव्हापासून हात मोकळे आहेत. दिवसभर वाकळीत असतात, गुंड्या लावतात, काढतात, नाड्या ओढतात. नळी जागेवर आहे. डॉक्टरांनी दोन वेळा येऊन बघितलं. लेक म्हणते दादा, तुम्ही जिंकलात. तिला मी सगळं सांगितलेलं नाही. एकदा मी हळूच म्हणालो, अगं मी आहे, मी. तर ती घाबरली, पदर ओढायला लागली, परका पुरुष उशाशी बसल्यासारखी, आणि हात नळीकडं गेला. तेव्हापासून मी ओढणी सोडलेली नाही. लेक आली की काढतो, गेली की गुंडाळतो. तुझ्यासारखा बोलतो, तिचे टाके उसवायला सांगतो, ती हसते. पण ती माझ्यासाठी हसत नाही. ती बरी होऊन मला ओळखेल का, हे डॉक्टरांना विचारायचं धाडस होत नाही. ओळखलंच तर तिची आत्या पुन्हा मरेल, हेही मनात येतं, आणि मग मी काय मागतोय तेच मला कळेनासं होतं.

काल दुपारी तिनं माझा हात धरून जवळ ओढला आणि हळू आवाजात म्हणाली, “आत्या, तुमास्नी म्हणून सांगते. तुमच्या लेकाला एकट्याला जेवाय जमत न्हाई. पुढ्यात कुणी नसलं की ताट तसंच ठेवून उठत्यात. मी हिकडं अडकले. तुमी बसा त्येंच्या पुढ्यात.”

मी बसते म्हणालो.

आज सकाळी तिनं विचारलं, जेवलं का ते? मी तुझ्या आवाजात सांगितलं, जेवला, पोटभर जेवला. लेकीनं आणलेला डबा खाटेखाली आहे, कालचाही तिथंच आहे.