लोखंड ऐकणारं यंत्र

३ सप्टेंबर

आलो एकदाचे स्नेलबीला. टेम्पोवाल्याने एडनाची खुर्ची दारात अडकवली, तेव्हा ती वॉकर धरून बागेत उभी राहिली आणि तिथूनच हुकूम सोडत होती, आधी तिरकी कर, मग ढकल, माझ्या भावासारखा विचार करत बसू नकोस. थोरली बहीण. खुब्याचं हाड मोडलं, पण जिभेला धक्का लागलेला नाही. ग्रिम्सबीच्या घराचा जिना तिला झेपेना, म्हणून हे बैठं घर भाड्याने घेतलं. मागच्या खिडकीतून मिसेस ऑडलिंगबाईंचं शेत दिसतं. गहू निघालाय, नुसती धसकटं उभी आहेत. खुर्ची त्या खिडकीशीच लावली.

एडनाने बजावलंय की मी दिवसभर तिच्याभोवती घुटमळायचं नाही, काहीतरी छंद लावून घ्यायचा. संध्याकाळी पबमध्ये क्लेम रडकिन भेटला. जन्मभर या गावात टपाल वाटलं, आता इथल्या डिटेक्टरवाल्यांचा, म्हणजे यंत्र फिरवून जमिनीतली जुनी नाणी-बिणी शोधणाऱ्यांचा, म्होरक्या आहे. म्हणाला, दर रविवारी शेतात असतो आम्ही, ये की राजा, थर्मास तुझा तू आण, चिखल आमच्याकडून. मला माणूस आवडला.

७ सप्टेंबर

आज लिंकनला जाऊन यंत्र घेतलं. दुकानदार डेन्झिल धीराचा माणूस. मागच्या अंगणात त्याने नाणी, बटणं, खिळे पुरून ठेवलेत, त्यावरून यंत्रं फिरवून बघू देतो. पहिलं हलकं, झाडूसारखं. नवख्याने हेच घ्यावं म्हणाला, हात भरून येत नाही आणि लोखंड आलं की आपणहून गप्प बसतं, त्यामुळे माणूस दिवसभर खिळे उकरत बसत नाही. दुसऱ्याची किंमत ऐकून मी ते परत जागेवर टेकवलं. तिसरं जुनं, कुणीतरी परत आणून दिलेलं, जड. त्याचं सगळं निराळं. हेडफोनमध्ये सतत एक बारीक गुणगुण चालू असते, जमिनीची म्हणा हवं तर. तांब्या-चांदीवर ते शिट्टी घालतं, लोखंडावर गुरगुरतं. गप्प असं कधी बसतच नाही. डेन्झिल म्हणाला, वैताग येईल तुम्हाला, खटका दाबून लोखंड बंद करा.

पण मी बसच्या डेपोत चाळीस वर्षं इंजिनं ऐकली आहेत. चांगला आवाज तेवढा ऐकायचा आणि वाईट गाळून टाकायचा, अशाने गाडी कळत नाही. तेच जड यंत्र उचललं. घरी आल्यावर एडना म्हणाली, छान, आता घरात दोघं गुरगुरणारे झाले.

१४ सप्टेंबर

पहिला रविवार. फाटकापाशी माझं यंत्र बघून मंडळींचं हसणं जरा उतरलं. शेतात शिरण्याआधी क्लेम एकेकाचं यंत्र हातात घेऊन बघतो, लोखंडाचा खटका बंद आहे ना. माझा त्याने स्वतःच बंद केला. वर आपलं हलकं यंत्र कायमचं देऊ केलं, या रेड्याच्या बदल्यात. मी हसण्यावारी नेलं. पण उगाच कोण कुणाला चांगली वस्तू देतं?

बाकी दिवस सोन्यासारखा गेला. एक शिशाची गोळी मिळाली, कोटाची बटणं मिळाली, एक झिजून गुळगुळीत झालेली पेनी. नियम साधे आहेत. फाटक लावायचं. खड्डा असा बुजवायचा की गवतालाही कळू नये. चांगलं काही निघालं तर निम्मं शेतमालकाचं. आणि निघालेलं भंगार पुन्हा जमिनीत टाकायचं नाही, बरोबर न्यायचं. चर्चमागे पिंप आहे, त्यात.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत भरली. शेताच्या मधोमध एक उथळ खळगा आहे. सगळे त्याला वळसा घालून जातात, दगडाला पाणी वळसा घालतं तसे, त्याच्याकडे न बघता. मी विचारलं तर क्लेम म्हणाला, तिथे काही नाही. इतक्या पटकन म्हणाला की तिथे काहीतरी आहे हे कळायला पोलिसात असायला नको.

१७ सप्टेंबर

लोखंडी पेटी. दुसरं काय असणार, उगाच का लोखंडाचा खटका बंद करतात. पैशांची लोखंडी पेटी पुरलेली असावी आणि या मंडळींनी ती आपापसांत ठेवली असावी. मिसेस ऑडलिंगबाईंना फाटकापाशी गाठलं. नवरा गेल्यापासून त्या शेतात पाऊल टाकत नाहीत. म्हणाल्या, खुशाल फिरा, फक्त फाटक लावा, आणि माझं निम्मं विसरू नका. परवानगी ती परवानगी. एडनाला सांगितलं तर म्हणाली, ज्यांच्याबरोबर चहा प्यायचा त्यांच्यावरच पाळत ठेवतोस, शोभतं का तुला?

१९ सप्टेंबर

दुपारी एकटाच गेलो. खळग्याच्या कडेला खटका उघडला आणि यंत्र जे गुरगुरलं ते थांबेचना. पेटी नव्हती. हाताएवढ्या लांब लोखंडी सळया, उभ्या ठोकलेल्या, खळग्याभोवती गोल. प्रत्येकीचं डोकं घणाने चपटं झालेलं, अंगावर डांबर. डांबर जुनं नव्हतं. म्हणजे कुणीतरी अलीकडेच ठोकल्यात. पेटीच्या खुणा असतील असं वाटलं.

काढायला जोर लागला. पहिली निघाली तेव्हा खालून कुणीतरी धरलेलं सोडून द्यावं तशी सुटली. एका बाजूच्या सगळ्या काढल्या, खड्डे नीट बुजवले आणि नियमाप्रमाणे भंगार उचलून पिंपात टाकलं. एडना म्हणाली, लोक सोनं आणतात, माझ्या भावाने कुणाचं तरी कुंपण आणलं.

२३ सप्टेंबर

क्लेम घरी आला. खळग्याकडे गेला होतास का म्हणाला. मी नाही म्हणालो. त्याच्या नखांत डांबर होतं, ते मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्याने पाहिलं. मग एडनाची चौकशी करत बसला. दिवसभर इथेच बसते का, खिडकीशीच का, स्वतःची स्वतः उठू शकते का. तिला वाटलं म्हातारा लाडात आलाय. मला मुळीच आवडलं नाही. एखाद्याला शेजारणीच्या उठण्याबसण्याशी काय करायचंय?

२५ सप्टेंबर

विचित्र प्रकार. खळग्यात पुन्हा गेलो. मधोमध दांड्याखालची चकती फिरवली आणि यंत्र गप्प झालं. लोखंडावर गुरगुरतं, तांब्यावर शिट्टी घालतं, नुसत्या मातीवरही गुणगुणतं, ते गप्प. बॅटरी संपली वाटलं. चार पावलं बाजूला झालो तर पुन्हा गुणगुण. पुन्हा आत, गप्प. खिशातली पेनी तिथे टाकली आणि चकती अगदी तिच्यावर धरली. काही नाही. जणू तिथे पेनी नव्हती, आणि जमीनही नव्हती.

डेन्झिलला फोन केला. तो म्हणाला, असं होऊ शकत नाही, यंत्र घेऊन या. त्यालाही काही लपवायचंय का, असंसुद्धा क्षणभर मनात आलं. कुठवर चाललंय माझं डोकं.

२७ सप्टेंबर

खळग्यात गुणगुण परत आली. पेनीवर शिट्टीही वाजली. जीव भांड्यात पडला.

घरी येताना यंत्र चालूच होतं. खळगा आणि आमची बाग यांच्या मध्यावर ते गप्प झालं. खोलीएवढ्या जागेत. परवा तिथे असं नव्हतं, मी त्याच वाटेने गेलो होतो.

२८ सप्टेंबर

कुंपणाशी आलंय.

एडना म्हणते, आज पक्षी बागेत उतरत नाहीत, तू काय फवारलंस?

२९ सप्टेंबर

क्लेमकडे गेलो आणि सगळं सांगितलं. शिव्या देईल वाटलं होतं. तो पायरीवर बसला आणि लगेच पुन्हा उठून उभा राहिला.

त्याच्या बायकोचं नाव आयव्ही. सांधे धरले होते, खुर्चीतून उठता येत नसे. एका वर्षी शेतात पाण्याच्या नळ्या टाकायला माणसं आली आणि त्यांनी जुन्या सळया उपटून फेकल्या. हा टपाल वाटून आला तर खुर्ची जागेवर, पायातल्या सपाता जागेवर, फरशीला चराही नाही. आयव्ही नाही. ते काय आहे हे त्यालाही ठाऊक नाही. चालणाऱ्याच्या वाटेला जात नाही, म्हणाला. ज्याला चटकन उठता येत नाही, त्याच्याखाली येऊन थांबतं. पोट भरलं की परत खळग्यात जाऊन निजतं. मग भोवती लोखंड ठोकायचं. गंजलेल्या सळया तो दरवर्षी डांबर लावून बदलतो.

मी संतापलो. म्हटलं, हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, म्हाताऱ्या, डिटेक्टरवाल्याला इथे खणू नकोस म्हणून सांगितलं तर तो दुसरीकडे खणेल का? मागे एकाला सांगितलं होतं, तो त्याच दिवशी फावडं घेऊन गेला. म्हणून खटका बंद करतो. ऐकूच आलं नाही तर खणणार कोण.

सळया परत आणायला पिंपाकडे धावलो. पिंप रिकामं. भंगारवाला गुरुवारी घेऊन गेला. नियम चोख पाळला मी.

३० सप्टेंबर, सकाळ

क्लेम लोहाराकडे गेलाय, नव्या सळयांसाठी. पण ठोकायच्या कुठे? ते आता खळग्यात नाही. खुर्चीभोवती नट आवळायचे पाने, तवा, हातोडे मांडले. एडना म्हणाली, दुकान थाटलंस की काय. क्लेमने आधीच सांगितलं होतं, वर ठेवून उपयोग नाही, खोल उभं जायला हवं.

बागेत यंत्र फिरवलं. कुठेही गप्प होत नाही. चांगली गोष्ट म्हणावी तर—

घरात आणलं. स्वयंपाकघरात गुणगुण. दारात गुणगुण.

खुर्चीपाशी गप्प.

दुपार

गावाबाहेरच्या ओढ्याच्या पलीकडे ते जात नाही, असं क्लेम म्हणतो. त्याच्या गाडीतून एडनाला पुलापलीकडे न्यायचं. चालती गाडी चालेल, थांबायचं नाही. दारात उभी करायची नाही म्हणून त्याने ती चर्चपाशी ठेवलीय. सळया तयार नाहीत, उद्यावर गेल्या.

एडनाला वाटतं आम्ही दोघं प्यालोय. पण माझं तोंड बघून उठली. उठवताना खुर्ची जमिनीला चिकटल्यासारखी—

ती उठली, मी यंत्र धरून तिच्या मागे चाललो, आणि दारात गुणगुण तुटली. तिच्या मागे निघालंय. तिची चाल कशी, एक पाऊल, मग वॉकर, मग एक पाऊल. हे काय चालणं झालं त्याच्या लेखी.

म्हणून मी तिच्या खुर्चीत बसलो. मीही म्हाताराच, गुडघे माझेही गेलेत. हात-पाय ढिले सोडले, उठताच येत नसल्यासारखे. यंत्र पायाशी चालू ठेवलंय.

गप्प झालं. आलं परत. माझ्याखाली आहे.

एडनाला सांगितलं नाही. मागून येतो म्हटलं. तिने बजावलं, तवा जागेवर ठेवून ये.

हलायचं नाही. नुसता हात हलतोय, लिहितोय. पावलांना गार लागतंय. फरशीचं गार नाही हे. खोल विहिरीवर पाय सोडून बसावं तसं.

खिडकीतून दिसतायत दोघं, बागेतून वळून गल्लीच्या फाटकाकडे. क्लेमने दंड धरलाय. चाल बाई. एक पाऊल. मग वॉकर.

सपाता सुटतायत पायातून. मी काढल्या नाहीत.

फाटकाशी पोचली. क्लेम गाडी आणायला गेला चर्चकडे. उभी आहे. उभी राहा. इथे मी आहे, इथेच राहा म्हणतोय त्याला, माझ्यापाशी—

गुडघ्यापर्यंत गार. चालेल. ती उभी आहे तोवर चालेल.

दमली. वॉकर बाजूला ठेवला. फाटकाजवळच्या भिंतीवर—

बसू नकोस एडना

बसली. हात हलवतेय मला.

पाय गरम झाले. यंत्र गुणगुणायला लागलं

यंत्र गुणगुणतंय, ते गेलं, ते तिच्याकडे— एडना ऊठ, ऊ