शेवटच्या पाटीनंतरचं रीळ

मी शिवकन्या भुजंग दुधाटे, राहणार चुडावा, तालुका पूर्णा, जिल्हा परभणी. आधार कार्डावर अठरा वर्षं पूर्ण. शाळा सातवीला सुटली, कारण आई आन दादा, म्हंजी माझे वडील, ऊसतोडीला गेले की धाकट्या ऋतिकाला सांभाळायला घरी कुणी न्हाई. माझं डोकं ठिकाणावर हाय. खराब हाय ती काळजाची झडप. परवा गुरुवारच्या गाडीनं औरंगाबादला आपरेशनला जायले. हे लिहायला कुणी जबरदस्ती केली न्हाई. तोंडानं बोलायची लाज वाटते, म्हणून राजीखुशीनं लिहून देते. मी परत आले न्हाई तर ह्याप्रमाणं करावं.

१. काळी शेळी ऋतिकाला. शेळी तिचं ऐकत न्हाई, पण ऋतिका तरी कुणाचं ऐकते.

२. चांदीचे पैंजण आईला. आईनं ते मोडू नयेत, घालावेत. उसाच्या फडात वाजले तर वाजू द्यावेत.

३. दादांना द्यायला माझ्याकडं एक माफी हाय. शाळा सोडवली म्हणून दोन वर्षं मी त्यांच्यासंग नीट बोलले न्हाई. पण शाळेत असते तर दुपारच्याला गावातल्या म्हाताऱ्या बन्सीधर बप्पाच्या ओसरीवर बसायला मिळालं नसतं. तवा ते फिटलं.

४. माझा तडा गेलेला मोबाईल बप्पाला. त्यात हॉलिवूडचे जुने काळेपांढरे एकतीस पिक्चर हायेत. का द्यायचा ते लिहिते.

बप्पा सेलूच्या टाकीत, म्हंजी शिनेमाच्या थेटरात, पिक्चरचं मशीन चालवायचे. रविवारी सकाळच्या खेळाला विंग्रजी पिक्चर लागायचा. मशीनीतल्या कार्बनच्या उजेडानं त्यांचे डोळे अधू झाले. माणूस दिसतो, मोबाईल दिसत न्हाई. म्हणून मी बघायचं आन त्यांना सांगायचं. पहिल्या दिवशी बप्पांनी इचारलं आन मी एकेका शब्दात सांगितलं.

"काय दिसायलंय?"

"माणूस."

"कसा?"

"टोपीवाला."

"अगं, तिथं सगळेच टोपीवाले! चालतो कसा, सिगारेट कोणत्या हातात हाय, सावली कुठं पडलीय, ते सांग की."

सावल्या सांगता सांगता मी बोलायला शिकले. विंग्रजी दोघांनाही येत न्हाई. पण उजेड खालून पडला म्हणलं की बप्पा म्हणायचे, "हा खोटं बोलायलाय बघ." आन तो खोटंच बोलत असायचा.

आमचा लाडका पिक्चर रेल्वे स्टेशनवरचा. बाई गाडीत बसून निघून जाते, माणूस धुरात उभा ऱ्हातो आन 'दि एंड'ची शेवटची पाटी येते. सेलूत लोक पाटी बघून उठायचे, तवा बप्पा वरच्या खिडकीतून ओरडायचे, "बसा रे, ती यायची हाय अजून!" मग आणखी एक रीळ. दोघं हॉटेलात बसून काफी पितेत, लय हासतेत. माणसं खुशीत घरी.

मी मोबाईलवर पाहिलं तर काफी आधी, गाडी नंतर. सेलूत रिळांच्या डब्यांची झाकणं बदलली होती, म्हणून शेवटचं रीळ आधी लागायचं. स्टेशनजवळ पंडितमामाच्या चहाच्या हॉटेलात, दहा माणसांत, जन्मात पहिल्यांदा मी मोठ्यानं बोलले, "बप्पा, ती परत येतच न्हाई. तुमचं रीळ उलटं लागत होतं."

सगळे हासले. पंडितमामा म्हणले, "आरं, बप्पानं अख्ख्या सेलूला गंडवलं की!"

बप्पा काठी घेऊन उठले. तीन महिने झाले, ओसरीचं दार बंद. मी रोज दारापस्तोर जाते आन माघारी येते.

५. ह्यापुढं जो कुणी बप्पाला तो पिक्चर सांगल, त्यानं बप्पाच्या क्रमानं सांगावा. आधी गाडी, मग काफी.

सही करताना झालं ते लिहून ठेवते. आपरेशनसाठी फडावरून आलेल्या दादांनी हा कागद बप्पाला वाचून दाखवला. बप्पा काठी टेकीत आमच्या घरी आले. म्हणले, "पहिल्या खेळाला खरंच चुकलं, पोरी. पण खेळ सुटल्यावर धुरपता म्हणली, बरं झालं, आली बाई परत. दुसऱ्या खेळापसून म्या मुद्दाम तसंच लावलं."

धुरपताबाई म्हंजी बप्पाची घरवाली. आता त्या न्हाईत.

मी म्हणले, "बप्पा, माझ्यामुळं माणसं हासली."

"हासू दे. तू म्हणलीस ती येत न्हाई, त्याचा राग आला." मग काठी आपटून म्हणले, "ते चार नंबरचं खोड. मेल्यावर मिळणारा मोबाईल मला नको. माघारी ये आन तूच सांग."

कलम ४ खोडलं. खोडल्यावर बाजूला माझी सही केली हाय. मोबाईल मी संग न्यायले.

ठिकाण : चुडावा
तारीख : २१ जानेवारी २०२५

लिहून देणार : शिवकन्या भुजंग दुधाटे

साक्षीदार १ : पंडित, चहाचं हॉटेल, स्टेशन रोड. (हासल्याबद्दल माफी मागून सही केली.)

साक्षीदार २ : बन्सीधर, मशीन आपरेटर, सेलू. सहीच्या खाली त्यांनी स्वतःच्या हातानं, मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं :

बसा रे, ती यायची हाय अजून.