महेंद्रची जुनी प्रत

२२ सप्टेंबर
सुप्याच्या कारखान्यात आज रुजू झाले! आईनं कोल्हारहून दिलेले शेंगदाण्याचे लाडू सगळ्यांना वाटले. कारखान्याचं नेट ज्यातून जातं तो प्रॉक्सी सर्व्हर माझ्याकडे आहे. कुणी एकदा पान उघडलं की हा त्याची प्रत जवळ ठेवतो. पुढच्यानं मागितलं की बाहेर न जाता तीच जुनी प्रत देतो. सध्या मी प्रोबेशनवर आहे. पण ही खुर्ची मी कायमची मिळवणारच.

२५ सप्टेंबर
महेंद्र, महेंद्र, महेंद्र! माझ्याआधी इथं होता, गेल्या दिवाळीत अपघातात गेला. वाईट झालं, पण किती गोडवे गायचे? गेटवरचे आसाराममामा म्हणाले, म्हेंद्रभाऊच्या हाताला लई गुन हुता. अकाउंट्सची निकिता म्हणते, तो होता तेव्हा नेट पळायचं. मग मी काय इथं माशा मारायला आलेय? मेलेल्या माणसावर जळतेय मी. जळतेय तर जळतेय!

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
आज यंत्रांची पूजा. पूजा झाली की दिवसभर यंत्राला हात लावायचा नाही. निकितानं सर्व्हरला हळदकुंकू वाहिलं आणि शेजारी महेंद्रचा फोटो ठेवला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळे प्रसादाला गेल्यावर फोटो ड्रॉवरमध्ये कोंबला, कुंकू पुसलं आणि त्या प्रती साठवणारी कॅशेची डिस्क ‘नोएटाइम’ ही सेटिंग लावून पुन्हा जोडली. म्हणजे कुठली फाइल शेवटची कधी पाहिली, याची नोंदच ठेवायची नाही. तेवढा लिहिण्याचा वेळ वाचतो. नेट सुसाट! बघ म्हटलं, महेंद्रा.

३ ऑक्टोबर
सगळे खूश. निकिता म्हणाली, महेंद्रनं कमाल केली. मी ठणकावून सांगितलं, हे मी केलंय. ती हसून म्हणाली, तेच तर म्हणतेय, महेंद्र.
मेलीला चेष्टा सुचते.

६ ऑक्टोबर
चेष्टा नाही ही. मामा म्हणाले, म्हेंद्रभाऊ, च्या घ्या. सकाळी माझ्याशी बोललेली माणसं दुपारी मला ओळखत नाहीत. मी दिसल्याची नोंदच कुणाकडे राहत नाही. माझ्या जागी जुनी प्रत—
ड्रॉवर रिकामा आहे. फोटो माझ्या ओळखपत्रावर.

७ ऑक्टोबर
नोएटाइम काढलं. परत आलं. पुन्हा काढलं— परत. मशीनवर कुंकू आहे. ओलं. मी पुसलं होतं ना—

८ ऑक्टोबर
आईला फोन लावला. म्हणाली, महेंद्र बाळा, जेवलास का? माझी आई. त्याला कधी पाहिलंसुद्धा नाही तिनं. रडून सांगितलं, आई, मी भारती. म्हणाली, कोण भारती, मला कुठं मुलगी—

खुर्ची घे. नाव घे. सगळं तुझंच होतं, कबूल. पण आई माझी आहे, महेंद्रा, ती मला—