रामसीस राजा आणि आमचे हे

४ ऑगस्ट १९९०, शनिवार

बुधवारी डबासुद्धा न घेता तिकडे राई भागात कामावर गेले! "गॅरेजात रात्रीचं काम आहे, सकाळी येतो." सकाळी आले ते इराकचे रणगाडे. ह्यांचा पत्ता नाही. साठी उलटली तरी गाड्यांच्या खाली लोळायची हौस फिटत नाही माणसाची. गावी जाऊ म्हणून किती वेळा सांगितलं — ऐकतील तर ना!

लेक प्रेमा नर्स, इस्पितळातून सुट्टी मिळत नाही. अबू हलीफाच्या ह्या फ्लॅटात मी आणि नात स्वरा. ही वही तिचीच, अर्धी कोरी होती.

९ ऑगस्ट

गॅरेजचा फोन वाजतो. उचलत कोणी नाही.

पोरीला खाली सोडता येत नाही. वरच्या मजल्यावरची सफिया मास्तरीण, इजिप्तची, तिला त्यांच्या जुन्या राजांच्या गोष्टी सांगते. पोर येऊन मला सांगते, निम्मं इंग्रजीत. रामसीस म्हणून राजा होता. सहासष्ट वर्षं राज्य, शंभराच्या आसपास पोरं! म्हटलं, मेल्याला नावं तरी पाठ होती का सगळ्यांची?

१२ ऑगस्ट

रोटीसाठी तीन तास रांग. चार खुबूस मिळाले. पाचवा मागितला तर बेकरीवाला वस्सकन अंगावर आला.

१८ ऑगस्ट

हा रामसीस आधीच्या राजांच्या पुतळ्यांवर आपलं नाव कोरायचा. तेही खोल, कोणी घासून काढू नये म्हणून. म्हटलं, शेजारणीच्या पातेल्यावर आपलं नाव घालणाऱ्या आमच्या गावातही आहेत! पोरीने तिला इंग्रजीत सांगितलं, तशी सफिया खूप हसली. मग म्हणाली, "हज्जा," — म्हाताऱ्या बाईला ती असंच म्हणते — "आमचे जुने लोक मानायचे, नाव घेणारं कोणी आहे तोवर माणूस संपत नाही. रामसीसचं अजून घेतात. कैरोचं मोठं स्टेशन त्याच्याच नावाचं."

मी भाजी निवडत राहिले. तीच तीच जुडी दोनदा निवडली.

२७ ऑगस्ट

फहाहीलच्या एका शाळेत आपली माणसं जमतात. तिथून बसने बगदाद, मग अम्मान, मग विमान. राईची गॅरेजवाली माणसंही तिथंच आणतात. यादी प्रताप लिहितो, मालवणचा सुतार.

"आजी, कोण हरवलंय?"

"आमचे हे."

"अहो, इथं प्रत्येकीचे 'हे'च हरवलेत! नाव सांगा."

जीभच उचलेना. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, नंतर अठ्ठेचाळीस वर्षं नाही. त्याने कागद पुढे केला. मी लिहिलं — स्वराचे आजोबा.

प्रेमाने ऐकून कपाळावर हात मारला. "आई! हजार माणसांत ह्या नावावर कोण उठणार? ते तिथंच बसलेले असतील कदाचित!" मग रडली. मी तिला चहा करून दिला. आमची बस तीस तारखेला.

२९ ऑगस्ट

शाळेच्या पटांगणात उभी राहिले आणि ओरडले — दिनकर! तीन दिनकर उठले. आपला एकही नाही. एक तर कुडाळचा, नातवाएवढा. "काय काकी?" म्हणे!

राईहून शेवटची गाडी उद्या सकाळी येते. माझी बस थांबेल, नाहीतर जाईल. मी फाटकाशी उभी राहणार आणि पूर्ण नाव घेणार. दिनकर सखाराम पेडणेकर! बाकीच्या दिनकरांनी तोंड मिटून बसायचं. ओ तुम्ही द्यायची. पहिल्याच हाकेला.