तंबूखालचं गवत

सोमवार, दुपार

पोहोचलो एकदाचे! शहरातल्या हॉटेलांचे भाव ऐकून दादा फोनवर म्हणाला होता, आधी घर विक, मग जा. म्हणून ही तंबूची जागा शोधून काढली. शहर इथून बसने चाळीस मिनिटं. तंबू उभारताना मी तीनदा दोऱ्यांत गुंतले आणि आई घडीच्या खुर्चीत बसून सूचना देत होती. खुंट्या तिरक्या ठोक, म्हणे. जन्मात तिने तंबू पाहिलेला नाही, पण तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईला सांगणार कोण?

तिला शहरातला पूल ओलांडायचा आहे. पुस्तकातल्या ज्या चित्रावर पट्टी टेकवून तिने वर्षानुवर्षं मुलांना नदी शिकवली, त्या पुलावरून एकदा स्वतःच्या पायांनी जायचंय. डॉक्टर म्हणाले, मणक्याचं हे वर्ष निभेल, पुढचं सांगता येत नाही. म्हणून आत्ताच.

मॅनेजरने एकच नियम बजावून सांगितला. दर दोन दिवसांनी तंबू उचलून बाजूला लावायचा. खालचं गवत पिवळं पडतं म्हणे.

मंगळवार, सकाळ

आई झोपली! वर्षभरात पहिल्यांदा सलग. पाठ अजिबात दुखत नाही म्हणाली, जमीन अगदी मापाची आहे. माझ्या पाठीला मात्र सगळे दगड लागले. अंघोळीला रांग, गरम पाणी तीन मिनिटं, आणि ते नेमकं डोळ्यांत साबण असताना गेलं. चडफडत परत आले तर आई म्हणते, आज नको गं, पडू दे मला जरा. बरं. प्रवासाचा शीण असेल.

बुधवार, दुपार

मॅनेजर सकाळीच हजर. तंबू हलवा. म्हणजे आईला उठवा, सामान बाहेर काढा, पुन्हा खुंट्या ठोका. आई अडून बसली, इतकी चांगली जागा सोडणार नाही म्हणाली. मीही त्याला सुनावलं की म्हाताऱ्या माणसाच्या पाठीपुढे तुमच्या गवताचं काय कौतुक? तो म्हणाला, मी गवतासाठी सांगत नाही. पुढे काही बोलत होता, पण बसची वेळ झाली होती, मी ऐकायला थांबले नाही. बस चुकलीच. आईने कूससुद्धा बदलली नव्हती.

गुरुवार, संध्याकाळ

आज ओरडले तिच्यावर. झोपायचंच होतं तर घरची गादी काय वाईट होती, असं काहीबाही बोलले. ती हसली. तुला घाईच फार, म्हणे, जन्माला आलीस तीसुद्धा तीन आठवडे आधी. जेवली नाही. भूकच नाही म्हणाली, आणि गाल तर भरल्यासारखे दिसतात.

रागाने एकटीच थांब्यावर गेले. बस आली, दार उघडलं, पण आईच्या आधी तो पूल बघायला पाय उचलेना. परत फिरले.

येताना पलीकडच्या रिकाम्या जागेकडे लक्ष गेलं. तंबूने पिवळा केलेला चौकोन. त्याच्या मधोमध दाट हिरवं गवत, खांद्यांशी रुंद, खाली पायांकडे निमुळतं.

शुक्रवार, सकाळ

चादर बदलायला गेले. चादर निघेना. सतरंजीतून, तंबूच्या तळातून, आईच्या ब्लाउजातून पांढरे तंतू वर आले आहेत. केसांसारखे बारीक, ओले. एक ओढला तर आई कळवळली. त्याचं टोक लाल होतं.

मॅनेजर खडीच्या वाटेवरच उभा राहिला, गवतावर पाय ठेवला नाही. बुधवारी हलवलं असतं तर निभलं असतं, म्हणाला. मागच्या वेळी पलीकडच्या जागेवरच्या बाईंना चौघांनी मिळून उचललं होतं. हातात काय आलं ते कोणी बोललं नाही. आता हळूहळू कापा, म्हणाला. पण उभ्याने वाकून. टेकायचं नाही. एका जागी बसायचं नाही.

दादाला फोन केला. निघाला आहे. अडीच दिवस लागतील.

शनिवार, दुपार

भाजीची सुरी. वाकून वाकून कंबर गेली. उजवा हात सुटला, खांदा सुटला. जिथे सुटतं तिथे तिची जुनी दुखणी परत येतात. रडते आहे. म्हणते, नको कापू, बस माझ्याजवळ क्षणभर. मी बसले नाही. माझी आई रडते आहे आणि मी उभी —

पाणी आणायला गेले, दहा मिनिटं. खांदा पुन्हा धरलेला. सगळी सकाळ वाया. सुरी फेकून दिली, मग शोधत बसले. बसले नाही. वाकून शोधली.

रविवार, सकाळ

आज तिला जायचंय. स्वतःहून म्हणाली. पूल बघू दे मला, उठव. इतके दिवस मी हेच —

मान सुटत नाही. तिथवर सुरी पोचत नाही उभ्याने.

टेकले. एकच मिनिट. डोकं मांडीवर घेतलं, मानेखालचं कापलं. सुटली! मान सुटली, दोन्ही हात सुटले. तिला विचारलं, पुलाला कमानी किती? बरोबर सांगितलं. एकेका कमानीचं नाव घेतल्यासारखं.

आता कंबर. पण सुरी कुठे ठेवली — हाताशीच आहे, घेते.

इथे दगड नाहीतच. मला उगाच वाटायचं. किती मऊ आहे.

आई म्हणते उठ. मोठ्याने म्हणते, वर्गात म्हणायची तशी. सुटलेल्या दोन्ही हातांनी मला ढकलते आहे, सगळा जोर लावून, बिचारी. मी तिला सांगितलं, हो गं, उठते, ही एवढी ओळ